प्रश्न कुठे थांबतो?

आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर पुन्हा जळली आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तातडीची मीटिंग बोलावली गेली. दोन गाड्या बाहेर काढून केलेल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. पंपरूमचं दार उघडंच होतं आणि जळलेल्या वायंडिंगचा वास अजून हवेत होता, करपलेल्या वार्निशचा, घशात बसणारा. कुणाच्या घरी पाहुणे आलेले, कुणाकडे तान्हं बाळ, आणि आदल्या रात्रीपासून नळाला थेंब नाही. सगळे चिडलेले होते आणि ते स्वाभाविक होतं. वॉचमन मामा खांबाजवळ उभे होते, टोपी हातात घेऊन. पहिलाच प्रश्न आला, "मोटर चालू कुणी ठेवली?" प्रश्न सगळ्यांना उद्देशून होता, पण माना खांबाकडे वळल्या. मग एकेक सुरू झालं. मोबाईल बघत बसत असतील, झोप लागली असेल, पगारातून कापून घ्या म्हणजे लक्षात राहील. मामा काहीच बोलले नाहीत. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. आयुष्यभर एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, मीटिंगमध्ये सहसा न बोलणारे. त्यांनी आपल्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून गोलात घेतली आणि म्हणाले, "मामा, आधी बसा इथं." मामा बसायला तयार नव्हते. बसल्यावरही खुर्चीच्या अगदी कडेला बसले. काकांनी विचारलं, "खालच्या टाकीत पाणी नसताना मोटर बंद व्हायला सेन्सर आहे ना आपल्याकडे? मग ती चालू कशी राहिली?" मामा म्हणाले, "साहेब, सेन्सर तर कवाच काढलाय. प्लंबरनं मोटर डायरेक्ट करून दिली." का काढला? टाकीतल्या सेन्सरच्या सळ्यांवर क्षार चढत होते, त्यामुळे टाकी भरलेली असली तरी मोटर सुरू व्हायची नाही, आणि लोक इंटरकॉमवर मामांना ओरडायचे. क्षार का चढत होते? बोअरचं पाणी टाकीत सोडतो आणि टाकी बऱ्याच दिवसांत धुतलेली नाही. का नाही धुतली? मामांनी यावर उत्तर दिलं नाही. कारण ते उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं, समोरच्या खुर्च्यांवर बसलं होतं. मेंटेनन्स वाढू नये म्हणून टाकी सफाईचं कंत्राट बंद करायचं, हा ठराव याच पार्किंगमध्ये झाला होता. त्याच ठरावात रात्रीचा दुसरा वॉचमनही कमी झाला. म्हणून पहाटे मोटर लावायची, त्याच वेळी मागचं गेट उघडायचं, दूधवाला, पेपरवाला, विमानतळावर जाणाऱ्यांच्या कॅब, हे सगळं एकाच माणसावर आलं होतं.

"बरं, ते पुढच्या मीटिंगला बघू. आता मोटरचं काय करायचं?" कुणीतरी म्हणालं.

आणि सगळे मोटरकडे वळले. मोनोब्लॉक घ्यायची की जुनीच रिवाइंड करायची, किती हॉर्सपॉवरची, गॅरंटी किती महिन्यांची. पगार कापण्याचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. वर येताना जिन्यात मला मोटरचं काही वाटत नव्हतं, तो क्षण मात्र डोक्यातून जात नव्हता. प्रश्न खांबाजवळ उभ्या असलेल्या माणसावर होता तोपर्यंत प्रत्येकाकडे वेळ होता. तो सरकत सरकत आमच्या खुर्च्यांपाशी आला आणि मीटिंग आवरती झाली. कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही. माणसं वाईट नाहीत, अडीअडचणीला धावून येणारी आहेत. तरीही प्रश्न स्वतःच्या उंबऱ्यापाशी आला की आपण सगळे मिळून त्याला एक पाऊल अलीकडेच थांबवतो, आणि तिथे जे काही हाती लागतं त्याला मूळ कारण म्हणतो.

काकांची विचारायची ती पद्धत मला ओळखीची होती, कारण मी तिच्यात वाढले. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते. घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला कूलंटचा, म्हणजे मशीनवर काम थंड ठेवायला सोडतात त्या तेल-पाण्याचा, गोडसर, तेलकट वास असायचा, आणि नखांत बारीक काळी रेघ, जी रविवारच्या अंघोळीनंतरही निघत नसे. त्या काळात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत क्वालिटी सर्कलचं, म्हणजे कामगारांनी एकत्र बसून कामातल्या अडचणी सोडवायच्या मंडळांचं, वारं होतं. जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने 1962 पासून कामगारांची अशी मंडळं सुरू झाली, आपल्याकडे 1980 मध्ये हैदराबादच्या 'भेल' (बीएचईएल) या सरकारी कारखान्यात पहिलं सर्कल निघालं आणि काही वर्षांत ते भोसरीच्या शेडपर्यंत पोहोचलं. आठवड्यातून एकदा शिफ्ट संपल्यावर सात-आठ जण चहा घेऊन बसायचे, कार्डबोर्डवर माशाचा सांगाडा काढायचे, डोक्याच्या जागी अडचण लिहायची आणि काट्यांवर कारणं. माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप. बाबा घरी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो मासा पुन्हा काढत बसायचे. आईला तो कागद पोळ्यांच्या डब्याखाली घालायला हवा असायचा.

जेवताना ते एक गोष्ट फार रंगवून सांगत. रात्री पास झालेले जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, सकाळी रिजेक्ट होत होते. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, आत 50 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक. सेकंड शिफ्टचा ऑपरेटर मशीनवर गो गेज, म्हणजे भोक लहान तर नाही ना हे तपासायचं मापाचं साधन, घालून बघायचा, गेज सरळ आत जायचं, सही करून तो जॉब ट्रॉलीत ठेवायचा. सकाळी इन्स्पेक्शनला तेच गेज त्याच भोकात शिरेना. साहेबांचं म्हणणं ठरलेलं, सेकंड शिफ्ट लक्ष देत नाही. ऑपरेटरला मेमोही मिळाला होता. सर्कलमध्ये विषय आला तेव्हा पहिलं उत्तर हेच होतं. मग कुणीतरी विचारलं की गेज रात्री जातं आणि सकाळी जात नाही, तर रात्रीतून भोक लहान होतं का? होतं. गरम ॲल्युमिनियम फुगतं. 20 अंशांचा फरक पडला तर 50 च्या बोअरला साधारण 0.02 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि जिथे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरकच तेवढा असतो तिथे जॉब वाया जायला तो पुरतो. मग जॉब गरम का राहतो? कूलंट कमी पडतं. फक्त सेकंड शिफ्टलाच का? इथे सगळे अडले.

उत्तर एका हेल्परकडे होतं. तो कंत्राटी होता. कंत्राटी कामगारांना सर्कलमध्ये घेत नसत, नियमच तसा होता. बाबांनी त्याला चहा द्यायच्या निमित्ताने आत बोलावलं आणि तिथेच उभं केलं. तो म्हणाला, संध्याकाळी पाचला स्टोअरला कुलूप लागतं. कूलंट ऑइलचा बॅरल आत. सेकंड शिफ्टला टाकी खाली गेली की आम्ही थोडं पाणी मारतो, जास्त मारलं तर मशीनला गंज धरतो म्हणून ओरडा बसतो, मग निम्म्या टाकीवरच चालवतो. एवढंच होतं. महिनोन्महिने चाललेल्या रिजेक्शनचं मूळ एका कुलपाच्या वेळेत होतं, आणि ते रोज बादली उचलणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. स्टोअरच्या वेळा बदलल्या, ऑपरेटरचा मेमो मागे घेतला गेला. स्टोअरकीपर मात्र त्यानंतर बाबांशी नीट बोलला नाही. आपल्याला उघडं पाडायलाच हे सगळं केलं, असं त्याला वाटत राहिलं. बाबा गोष्ट सांगताना इथे आवाज खाली आणायचे. तो माणूस तरी काय करणार, म्हणायचे, पाचला कुलूप लावायचं हे त्याला वरून सांगितलेलं होतं. ते 'वरून' कुठून, हे सर्कलमध्ये विचारलं गेलं नाही. सर्कल तिथे थांबलं.

पाचदा 'का' विचारण्याची रीत टोयोटातली. टोयोटा घराण्यातल्या साकिची टोयोडांच्या नावाने ती सांगितली जाते. धागा तुटला की आपोआप थांबणारे माग त्यांनी बनवले, म्हणजे बिघाड दिसला की पुढे रेटायचं नाही, थांबायचं, हा विचार त्या घराण्यात गाड्यांच्या आधीपासून होता. पुढे टोयोटाचेच ताइइची ओनो यांनी दिलेलं मशीनचं उदाहरण जगभरच्या कारखान्यांत शिकवलं गेलं. मशीन बंद पडलं, कारण जादा लोड येऊन फ्यूज उडाला. लोड आला, कारण बेअरिंगला वंगण नव्हतं. वंगण नव्हतं, कारण वंगणाचा पंप पुरेसं तेल ओढत नव्हता. ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. झिजला, कारण पंपाला गाळणीच नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून मोकळं होणाऱ्याला काही महिन्यांत तोच फ्यूज पुन्हा बदलावा लागतो. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की या साखळीत कुठेही माणसाचं नाव येत नाही. अर्थात गाळणी बसवायची की नाही हे कुणीतरी ठरवलं असणारच. पण प्रश्न त्या माणसाला पकडायला निघालेला नाही, म्हणून तो तिथपर्यंत पोहोचू शकतो.

आता हीच रीत छापील फॉर्म झाली आहे. माझी भावंडं आणि मित्रमैत्रिणी चाकण, रांजणगावला कामाला आहेत, त्यांच्याकडून ऐकते. ग्राहकाकडून तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत पाच 'का' भरून पाठवायचे. भरणारा टेबलाशी एकटा बसतो, शॉपवर न जाता, आणि शेवटच्या चौकोनात बहुतेक वेळा एकच उत्तर असतं. ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय, ट्रेनिंग दिलं. खाली ज्या ऑपरेटरची सही असते त्याने तो कागद वाचलेलाही नसतो. मला याचा राग येतो. पाच माणसांनी गोल बसून, एकमेकांना अडवत, 'थांब, असं नाही, परवा वेगळं झालं होतं' म्हणत शोधायची गोष्ट एका माणसाने फॉर्ममध्ये भरली की उत्तर खालच्या माणसावर जाणारच, कारण खालच्या माणसाला उलट बोलायची सोय त्या कागदात नसते. गोलात बसण्याचा सगळा अर्थच हा आहे की ज्याला ठाऊक आहे त्याला मध्येच तोंड उघडता यावं.

आपल्याकडे ही साखळी फार जुनी आहे, आणि ती शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आपण लहानपणापासून वाचत आलो. विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले. मी ती पाठ म्हणायचे, पण कधीतरी ती खालून वर वाचून पाहिली आणि अंगावर काटा आला. शूद्र का खचले? वित्त का नाही? गती का गेली? नीती का? मती का? मोजून पाच प्रश्न, 1883 मध्ये. जोतीरावांनी हे लिहिलं तेव्हा पुण्यातली मुलींची शाळा सुरू होऊन पस्तीस वर्षं झाली होती. म्हणजे मूळ सापडल्यावर त्यांनी आधी तिथे हात घातला, शेणाचे गोळे आणि घर सोडणं हे सगळं सावित्रीबाईंबरोबर सोसलं, आणि साखळी शब्दांत मांडली ती पुष्कळ नंतर. त्यांचे प्रश्न वर वर जात राहिले, भटशाहीपर्यंत गेले, सरकारी कचेऱ्यांपर्यंत गेले, कुठल्याच उंबऱ्यापाशी त्यांनी ते अडवले नाहीत.

आणि याच महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर जे प्रश्न विचारले जातात ते आठवतात. तलाठी येतो, पंचनामा होतो. सातबारा कुणाच्या नावावर? कर्ज बँकेचं की सावकाराचं? परवानाधारक सावकार का? वसुलीचा तगादा होता याचा पुरावा? उत्तरं रकान्यांत बसली तर प्रकरण पात्र, 1 लाख रुपये. नाही बसली तर अपात्र. कर्ज दुकानदाराकडचं उधारीचं असलं, की त्याच्या बायकोच्या हातात 'अपात्र' हा शब्द उरतो. कापसाला भाव का मिळाला नाही, बोअर कोरडी का गेली, पीकविम्याचं काय झालं, यांना रकाना नाही. प्रश्न मेलेल्या माणसाच्या कागदांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. अख्ख्या गावाला एकत्र बसवून, त्याच्या शेजाऱ्याला, कृषी केंद्रवाल्याला, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला गोलात घेऊन 'हे का झालं' असं कुणी विचारलं, तर उत्तरं कुठवर जातील हे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटतं, म्हणूनच तसं विचारलं जात नाही.

एकच मूळ असतं का, याबद्दल मात्र मला शंका आहे. डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या एका बाळाबद्दल लिहिलं आहे, जे त्यांच्यासमोर गेलं. मृत्यूचं कारण म्हणून न्यूमोनिया लिहिता आला असता. त्यांनी मागे मागे जात कारणं मोजली तर ती 18 भरली. आईचं कुपोषण, गरोदरपणातला मलेरिया, दारू, भगताकडे गेलेला वेळ, नदीवर पूल नाही, अशी एकात एक अडकलेली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. 18 कारणं म्हणजे कुणीच जबाबदार नाही असं वाटण्याची भीती असते. गरिबी, अज्ञान, व्यवस्था असं म्हणून हात झटकता येतात. त्यांनी उलट वाचलं. साखळीतली कुठलीही एक कडी तुटली तरी साखळी तुटते, आणि सगळी गरिबी संपेपर्यंत बाळांना थांबायला लावायची गरज नाही. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचा श्वास मोजणं, त्याला ऊब देणं, औषध देणं हे घरात सुरू झालं. त्या गावांतला बालमृत्युदर 1988 मध्ये हजारी 121 होता, तो 2003 पर्यंत 30 च्या आसपास आला. पुलाची वाट न बघता. आमच्या सोसायटीतही दोन काटे होते, क्षार आणि एकटा वॉचमन, आणि त्यातलं मूळ कुठलं यावर वाद घालत बसण्यापेक्षा जो काटा आज हातात येतो तो काढावा, इतपत शहाणपण मला या 18 कारणांनी दिलं. टाकी धुण्याचं काम आम्ही तीन-चार घरांनी लावून धरलं आणि ते सुरू झालं. दुसऱ्या वॉचमनचा विषय अजून 'पुढच्या मीटिंगला' आहे, आणि मी तो प्रत्येक मीटिंगला काढते. लोकांना कंटाळा येतो, दिसतं मला. बसलेल्यांचं मन दुखावणं मलाही जड जातं, हे रोज जिन्यात भेटणारे लोक आहेत.

गडचिरोलीचीच आणखी एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1986 मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हा आदिवासी दवाखान्यात येत नसत. याची उत्तरं बाहेरच्यांकडे तयार होती. अंधश्रद्धा आहे, अडाणी आहेत, भगतावर विश्वास ठेवतात. तिथेच थांबता आलं असतं आणि उपायही ठरलेलाच होता, जनजागृती. त्यांनी गोंडांनाच एकत्र बसवून विचारलं की तुम्ही का येत नाही. उत्तरं आली ती अशी. इमारती एवढ्या मोठ्या की आत गेलं की हरवायला होतं. डॉक्टर, नर्स पांढऱ्या कपड्यांत फिरतात, आणि आमच्यात पांढऱ्यात मढं गुंडाळतात. आजारी माणसाला आत ठेवून घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. तिथे आमचा देव नाही.

या उत्तरांपुढे डॉक्टरांना काय वाटलं असेल याचा मी विचार करते. पांढरा कोट हा त्यांच्या शिक्षणाचा, स्वच्छतेचा, अभिमानाचा भाग. प्रश्न भगताकडे जाणाऱ्या आदिवासीपासून निघाला आणि सरळ त्यांच्या अंगावरच्या कपड्यांपर्यंत आला. तिथे म्हणता आलं असतं की हे पुढे बघू, आधी औषधांचं बोलू. त्यांनी दवाखानाच वेगळा बांधला, आदिवासी पाड्यासारखा, सुट्या बसक्या झोपड्यांचा, जिथे रोग्याबरोबर घरची माणसं राहू शकतात. आवारात दंतेश्वरी देवीचं देऊळ आलं आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरी दवाखाना. लोक येऊ लागले. देवीच्या निमित्ताने तिथे आदिवासींची आरोग्य संसदही भरते. गावोगावचे प्रतिनिधी बसतात, आणि डॉक्टरांनी काय करायचं हे सांगण्याआधी कोणता आजार आपल्याला सगळ्यात जास्त छळतो आणि का, हे ते आपसात बोलतात.